एकशे सत्त्याण्णव दिवसांचा साक्षीदार

मी बोलतोय. इकडेतिकडे काय बघताय? अहो, हा मीच, निळ्या पुठ्ठ्याचा, कोपरा कापलेला पासपोर्ट. माझ्यावर 'रद्द'चा शिक्का आहे, म्हणून तुम्हाला वाटलं असेल की याला आता कसली वाचा! तर ऐका. माझा पुढचा प्रवास रद्द झालाय, मागचा नाही. माझी पानं शाबूत आहेत, पानांवरच्या तारखा शाबूत आहेत, आणि डोकं इतकं तापलंय की आज मी बोलल्याशिवाय राहणार नाही.

जन्माने मी नाशिकचा. आम्ही तिथल्याच सरकारी छापखान्यात छापले जातो. तेव्हा बोलणं थोडं तिखट लागलं तर सांभाळून घ्या.

२०१४ साली मी दिल्लीत आलो. करोल बागेतल्या एका तळमजल्यावरच्या घरात पोस्टमनने मला दिलं. सही करून मला घेतलं गुलाबरावांनी. केंद्र सरकारच्या नोकरीत उभा जन्म घालवून निवृत्त झालेला माणूस, मूळचा साताऱ्याकडचा, खटाव तालुक्यातला. मी त्यांच्या मुलाचा, विलासचा. गुलाबरावांनी चष्मा लावून माझं पहिलं पान मोठ्याने वाचलं. त्यावर राष्ट्रपतींच्या नावाने विनंती छापलेली असते, की या माणसाला जाईल तिथे अडवू नका, लागेल ती मदत करा. वाचून ते विलासला म्हणाले, "बघ रे, सगळा देश तुझ्यासाठी शब्द टाकतोय. शब्दाला जाग म्हणजे झालं." त्यांच्या बायकोने, विजयालक्ष्मीबाईंनी, मला देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं. मागच्या पुठ्ठ्यावर तो पिवळा डाग अजून आहे.

गुलाबराव दरवर्षी जुलैत जेवणाच्या टेबलावर कागद पसरून स्वतःचं टॅक्स रिटर्न स्वतः भरायचे. त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. भरून झालं की चहा मागायचे आणि म्हणायचे, "चला, वर्षभर ताठ मानेने चालायला मोकळा." २०२० मध्ये ते गेले. बरं झालं गेले, असं मी आज म्हणतो, आणि असं म्हणायची वेळ माझ्यावर विलासने आणली.

पुढच्या ऑगस्टमध्ये विलास दुबईला नोकरीला गेला. गेला तर गेला, माझं तेच तर काम! दोन वर्षांत त्याने तिथे एक फ्लॅट घेतला आणि भाड्याने दिला. तेही ठीक. कष्टाचे पैसे, कुठेही घर घ्या, माझी ना नाही.

२०२३च्या जूनमध्ये विजयालक्ष्मीबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. विलासला रजा मिळायला जरा वेळ लागला, पण तो आला. ४ जुलै २०२३. दिल्ली विमानतळावरचा तो शिक्का माझ्या एकोणिसाव्या पानावर आहे, जरा तिरका, पण तारीख स्वच्छ.

आणि खरं सांगतो, त्या वेळी मला या माणसाचा अभिमान वाटला. मी आईच्या पलंगाशेजारच्या खणात होतो, सगळं ऐकत होतो. तो ऑफिसचं काम लॅपटॉपवर इथूनच करायचा आणि उरलेला वेळ आईजवळ. तिचे केस धुवायचा, बेडपॅन उचलायचा, कच्चे पोहे करून घालायचा. "विलू, मीठ विसरलास," ती म्हणायची. "आई, बीपी आहे तुला, मुद्दाम नाही घातलं," हा थाप मारायचा. वॉकर घेऊन पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तो तिच्यापुढे उलटा चालत होता, दोन्ही हात पसरून. "ये, ये, अजून एक, शाब्बास!" लहानपणी तिने त्याला असंच चालायला शिकवलं असणार. दोघंही रडत होती आणि दोघंही नाही म्हणत होती.

तो परत गेला १६ जानेवारी २०२४ला. पान वीस. मोजा तुम्ही. एकशे सत्त्याण्णव दिवस. यायचा-जायचा दिवस सोडला तरी एकशे पंचाण्णव. हा आकडा लक्षात ठेवा, सगळं भांडण त्याचंच आहे.

याच मुक्कामात विलासने गुरुग्राममधला आपला फ्लॅट विकायला काढला. दुबईतून भाडेकरू सांभाळायचा कंटाळा आला होता. गिऱ्हाईक लगेच मिळालं, सुभेदार शहाजी. अठ्ठावीस वर्षं फौजेत, नुकतेच निवृत्त झालेले, तेही खटावचेच. बायको तानूबाई, मुलगी शिवांजली. जम्मूपासून जोधपूरपर्यंत क्वार्टरं बदलत आलेलं कुटुंब. स्वतःचं म्हणावं असं घर नाही, फक्त नाव रंगवलेल्या सात काळ्या ट्रंका. फंड, ग्रॅच्युइटी, सगळं एकत्र करून बहात्तर लाखांना सौदा ठरला.

आता नियम सांगतो, कारण तो कुणालाच माहीत नसतो आणि मग गळ्याशी येतं. घर विकणारा जर इथला निवासी असेल, तर घेणाऱ्याने शंभरातला एक रुपया कापून सरकारात भरायचा. विकणारा परदेशात राहणारा असेल, तर त्या व्यवहारात पाचव्या हिश्श्याहून जास्त कापावे लागत होते. नाही कापले तर? तर घेणाऱ्याची मान पकडतात! आणि निवासी कोण हे पासपोर्टच्या रंगावरून ठरत नाही, गाव कुठलं यावरूनही नाही. आर्थिक वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस इथे काढले की तुम्ही इथले. आणि विलाससारखा नुकताच बाहेर गेलेला माणूस असा इथला ठरला, तर त्याला बाहेरचं घर, बाहेरचं भाडं, सगळं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं.

सौद्याची बैठक नोव्हेंबरात करोल बागेच्या घरीच झाली. शिवांजली बी.कॉम.ला होती, तिने हा नियम कुठेतरी वाचला होता. ती म्हणाली, "अंकल, एक मिनिट. तुमचा पासपोर्ट बघायला मिळेल? बस एक झेरॉक्स फाइलला लावते."

मी विलासच्या कोटाच्या आतल्या खिशात होतो. दोन बोटांचं अंतर!

शहाजी कडाडले. "शिवा! आपल्या माणसाला कागद मागतात होय? गुलाबरावांचा मुलगा आहे तो. आपल्या तालुक्याचा."

"पप्पा, यार, मी फक्त..."

"बिल्कुल नाही. माफ करा, विलासराव. पोरगी गावाबाहेर वाढलीय."

हीच ती चूक. हजार मैलांवर तालुक्याचा माणूस भेटला की आमच्या लोकांच्या डोळ्यांवर पट्टी येते. खिशातून मी ओरडत होतो, दाखव रे बाबा, दाखव! पासपोर्टचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? विलास गोड हसला, म्हणाला, "अहो काका, मी इथलाच. आईजवळच असतो आता." खरेदीखतात तसं लिहूनही दिलं, 'मी भारताचा निवासी'. शहाजींनी शंभराला एक प्रमाणे बहात्तर हजार कापले, भरले, पावती प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवली.

निघताना तानूबाई वाकून नमस्कार करत म्हणाल्या, "काकू, घर तुमच्याकडनं घेतोय. ओटी तुमच्या हातची पाहिजे."

विजयालक्ष्मीबाई वॉकर धरून तशाच उभ्या राहिल्या. "अगं, हे गेल्यापासून मला कुणी ओटी भरायला बोलवत नाही. तुला नाही चालायचं ते."

"मला चालतंय. भरा तुम्ही." आणि तानूबाईंनी पदर पसरला.

मी तीन देशांचे विमानतळ बघितलेत. इतक्या मानाने कुणी कुणापुढे उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. विजयालक्ष्मीबाईंच्या ओंजळीतले अर्धे तांदूळ खाली सांडले. "सुखानं राहा गं त्या घरात," त्या म्हणाल्या.

नंतर २०२४च्या उन्हाळ्यात विलास आठवडाभरासाठी आला, माझी मुदत संपत आली म्हणून नवा पासपोर्ट काढला. माझा कोपरा कापून मला परत दिलं. "आई, हा फेकून दे," म्हणत त्याने मला टेबलावर टाकलं. दहा वर्षांची नोकरी, आणि ही निवृत्ती! शहाजींना निदान पलटणीने हार तरी घातला असेल. विजयालक्ष्मीबाईंनी मला उचललं, रुमालात गुंडाळलं आणि कपाटात गुलाबरावांच्या पेन्शनच्या कागदांखाली ठेवलं. तिथे मी पडून होतो. तक्रार नव्हती.

कालपर्यंत.

काल, शनिवारी दुपारी, तानूबाई आणि शिवांजली आल्या. तानूबाईंचा आवाज मी ओळखलाच नाही, इतका बसला होता. शहाजींना टॅक्स खात्याची नोटीस आली होती. विकणारा परदेशात राहणारा, तुम्ही पूर्ण टॅक्स कापला नाही, तेव्हा तो तुम्ही भरा. सोळा लाखांच्या वर, शिवाय व्याज.

"कुठून आणायचे, काकू?" तानूबाई म्हणाल्या. "फ्लॅट विकूनच भरावे लागतील. हे तर दोन दिवस जेवले नाहीत. 'पोरगीला मी गप्प केलं' एवढंच म्हणतात आणि ट्रंकेवर बसून राहतात."

शिवांजलीने नीट सांगितलं. नोटिशीत लिहिलं होतं, की विलासने त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये स्वतःला परदेशी म्हणून दाखवलं होतं. भारतात राहिल्याचे दिवस, साठ. फ्लॅट विकून झालेल्या नफ्याबद्दल अक्षर नाही. "आजी, मी ऑफिसरला खरेदीखत दाखवलं. ते म्हणाले, 'बेटा, लिखा हुआ तो कोई भी लिख दे. पासपोर्ट के पन्ने लाओ, दिन गिनेंगे.' ते एकशे ब्याऐंशी दिवस इथे होते हे सिद्ध झालं, तर पप्पांनी कापलेलं बरोबर ठरतं. केस खतम. विमानतळाची नोंद मागवायला अर्ज केलाय, पण ती कधी येईल देव जाणे. तारीख सोमवारची आहे."

ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. विकताना इथला आणि टॅक्स भरताना तिथला! म्हणजे दोन्हीकडून याचीच चांदी, आणि मधे चेपला कोण, तर ज्याने एक रुपया लपवला नाही तो सुभेदार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

विजयालक्ष्मीबाईंनी लगेच विलासला व्हिडिओ कॉल लावला. चेहरा पडद्यावर आला, मागे काचेची खिडकी.

"काकू, मला खूप वाईट वाटतंय," तो तानूबाईंना म्हणाला. "पण नियम आहेत ना. मी काय करणार?"

"अंकल, फक्त जुन्या पासपोर्टचे फोटो पाठवा. दोन पानं," शिवांजली म्हणाली.

"तो कधीच फेकला गं. दोन वर्षं झाली."

कपाटात मी, दहा पावलांवर. विजयालक्ष्मीबाईंनी फक्त चहाचा कप तानूबाईंपुढे सरकवला. मला त्यांचाही राग आला, लपवून काय उपयोग! तानूबाई उठल्या. चहा तसाच राहिला. दारात त्या एवढंच म्हणाल्या, "बरं, काकू. पायाला जपा."

दार लागल्यावर विलासचा आवाज खाली आला. "आई, तो जुना पासपोर्ट तू ठेवला नाहीयेस ना?"

"आहे. कपाटात."

"अरे यार! जाळून टाक तो. आत्ता. गॅसवर धर."

"का रे?"

"आई, तुला नाही कळायचं. त्या वर्षी मी इथला निवासी ठरलो तर दुबईचा फ्लॅट, त्याचं भाडं, सगळं दाखवावं लागेल. लपवलं म्हणून दंड वेगळा. त्यापेक्षा मी साठ दिवस होतो, विषय संपला."

"साठ?" विजयालक्ष्मीबाईंनी विचारलं.

"हो. कागदावर."

"विलू, माझे टाके निघाले तेव्हा तू होतास. दिवाळीला तू होतास. मी पहिल्यांदा अंगणापर्यंत चालले, तेव्हा संक्रांतीचा तीळगूळ खाल्ला आपण. साठ दिवसांत दिवाळी आणि संक्रांत दोन्ही कशा आल्या रे?"

"आई, इमोशनल होऊ नको. कागदाचं बोलतोय मी."

त्यांनी फोन उपडा ठेवला. वॉकर टेकत कपाटाशी आल्या, मला रुमालातून काढलं आणि खरंच स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. खरं सांगू? मी घाबरलो. गॅस पेटवल्याचा आवाज आला. मग भांडं ठेवल्याचा. त्यांनी चहा टाकला होता.

स्टुलावर बसून त्यांनी एकोणिसावं पान उघडलं, मग विसावं. कॅलेंडर नव्हतं, काही नव्हतं. बोटांच्या पेरांवर मोजत बसल्या. जुलैचे अठ्ठावीस. ऑगस्टचे एकतीस. मधेच थांबायच्या, कुठलासा दिवस आठवून हसायच्या, मग आकडा विसरायच्या, पुन्हा जुलैपासून सुरू. तिसऱ्या खेपेला जमलं. "एकशे सत्त्याण्णव," त्या मोठ्याने म्हणाल्या. चहा उतू जाऊन शेगडीभर पसरला होता.

आज रविवार. सकाळी त्यांनी कॅब बोलावली. खुबा मोडल्यापासून दवाखाना सोडून कुठे गेल्या नव्हत्या. "भैया, धीरे चलाना, हड्डी नई है," ड्रायव्हरला सांगितलं आणि गुरुग्रामपर्यंत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या. पिशवीत मी.

दार शहाजींनी उघडलं. दाढी वाढलेली, तरी काकूंना बघून पाय जुळलेच. "काकू, तुम्ही? एवढ्या लांब? निरोप धाडायचा, मी आलो असतो."

"तानू कुठंय? पदर घे म्हणावं."

तानूबाई हात पुसत आल्या. विजयालक्ष्मीबाईंनी नारळ दिला, खण दिला, ओंजळीने तांदूळ घातले. एकही दाणा सांडला नाही. आणि तांदळांवर मला ठेवलं.

"गेल्या वेळी ओटी भरली तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पुढे काय वाढून ठेवलंय ते," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाने तुम्हाला फसवलं. आता घ्या ही पुरी ओटी."

शहाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, खांदे हलत होते. शिवांजलीने मला अलगद उचललं, पानं चाळली, तोंडावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "आजी, पण विलास अंकलना त्रास होईल ना?"

"होईल. टॅक्स भरेल, दंड भरेल. माझ्याशी कदाचित बोलणारही नाही." विजयालक्ष्मीबाई ट्रंकेवर टेकल्या. "पण पोरी, माझा मुलगा एकशे सत्त्याण्णव दिवस माझ्याजवळ होता. माझी घाण काढली त्याने. दोन पैशांसाठी तो म्हणतो की मी नव्हतोच. मी कसं म्हणू?"

आता मी तानूबाईंच्या देवघरात आहे, तांदळाच्या ताटलीत. उद्या सकाळी शिवांजली मला घेऊन त्या कार्यालयात जाईल. बाहेर शहाजी जेवायला बसलेत, दुसरी भाकरी मागतायत, हे ऐकून बरं वाटलं.

विलास, तुझ्यावरचा राग गेला नाही माझा, जाणारही नाही. तुझ्या बापाने वाचलेला शब्द मी दहा वर्षं दारोदारी तुझ्यासाठी टाकला. 'याला मदत करा' म्हणून सांगत फिरलो. तू काय केलंस? आयुष्यात एक गोष्ट सोन्यासारखी केलीस, आणि तीच नाकारलीस. अरे, चोरी नाकारतात लोक, सेवा नाही! जाळायला सांगितलेल्या माझ्या त्या दोन पानांवर तू चांगला मुलगा होतास, एवढंच लिहिलंय.

आणि तुम्ही साहेब, उद्या मला हातात घेणारे. मी रद्द झालेला आहे, कबूल. पण पान एकोणीस आणि पान वीस उघडा. घाई करू नका. म्हातारीने तीन वेळा मोजलेत, तुम्ही एकदा मोजा.